फ्रिजच्या खोक्यातलं मतदान

बेल वाजायला हवी होती. ती वाजली नाही.

सातवीचा वर्ग गप्प उभा होता. रांगेतली मुलं भिंतीला टेकून, टेबलामागची तिघं ताठ बसून, आणि मी पाहुण्यांच्या खुर्चीत, हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेला गुलाब धरून. खोलीच्या कोपऱ्यात फ्रिजचं मोठं खोकं उभं केलं होतं. एक बाजू कापून तिचं दार केलेलं. माझी नात मितू मत द्यायला त्या खोक्यात शिरली, पुठ्ठ्याचं दार मागे लागलं आणि मग काहीच झालं नाही.

तिच्या आधीची सगळी पोरं आत जात होती, बटण दाबत होती, घराच्या दाराला असते तसली बेल चिमणीसारखी किलबिलत होती आणि पोरगं दात काढत बाहेर येत होतं. मितूच्या वेळी चिमणी गप्प.

"मितू झोपली काय रे आत?" रांगेतून कुणीतरी म्हणालं. पोरं हसली.

"शांतता राखा," टेबलामागची श्रावणी म्हणाली. श्रावणी म्हणजे मितूच्याच वर्गातली. त्या दिवशी ती केंद्राध्यक्ष होती, गळ्यात तशी पाटी. "मतदाराला घाई करायची नाही."

वर पंखा खडखडत होता. त्या खडखडाटाखालून मला एक आवाज आला. बारीक, शिट्टीसारखा, ओढलेला. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते. मितूला दमा होता. मी उठले तसा गुलाब खाली पडला. खोक्याकडे निघाले तर श्रावणी टेबलामागून धावत आली आणि दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

"आजी, आत एका वेळी एकच. मतदार बाहेर आल्याशिवाय कुणीच जायचं नाही."

"बाजूला हो."

"आजी, तुम्हीच सांगितलं होतंत!"

खरं होतं ते. मीच सांगितलं होतं. मी तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि दार ओढलं. आतून ऑइलपेंटचा आणि थिनरचा असा भपका आला की माझेच डोळे झोंबले. मितू गुडघ्यांवर बसली होती. बटणांचं यंत्र ठेवलेल्या स्टुलाला दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं. खांदे वरखाली, मान पुढे, ओठ जांभळे. ती माझ्याकडे बघत होती, पण आवाज काढायला तिच्याजवळ हवाच नव्हती.

ऑक्टोबर सरत आला की आमच्या मुलुंडला अंधार पडता पडता सातविणीचा वास सुटतो. रस्त्याच्या कडेला ही झाडं ओळीनं लावून ठेवलीत. फुलं हिरवट पांढरी, बघण्यासारखं त्यात काही नाही, पण वास असा की खिडकी बंद केली तरी फटीतून येतो. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, काय सुगंध आहे. माझ्या तो डोक्यात जातो. दमेकऱ्यांना तर फारच छळतो. झाड फुललं की आमच्या घरी पहिली चौकशी पंपाची व्हायची. पंप म्हणजे ती निळी नळी, तोंडात धरून दाबायची. पंप कुठंय, भरलेला आहे का, दप्तरात ठेवलास का.

यंदा सातवीण फुलली आणि तिच्या पाठोपाठ निवडणूकही आली. भोंगे लावलेल्या रिक्षा फिरायला लागल्या. आम्ही झोपडं सोडून या पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर आलो त्याला बरीच वर्षं झाली. लिफ्ट बहुतेक वेळा बंद असते. त्यामुळे उमेदवार तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः येतात आणि सातव्यावर त्यांचे फोटो येतात. परवा एक कार्यकर्ता धापा टाकत वर आला. म्हणाला, "आजी, आपल्यालाच द्यायचं हं." मी म्हटलं, "आपल्याला म्हणजे तुला की मला? आधी पाणी पी." तो पाणी प्यायला, पत्रक ठेवून गेला.

हे दोन्ही एकत्र आलं, तो वास आणि तो भोंगा, की मला सहा वर्षांपूर्वीचा तो सातवीचा वर्ग दिसतो. दुसरं काही करत असले तरी दिसतो. भाकरी तव्यावर असली तर तेवढी करपते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जालन्याकडचं गाव, एक खोलीची शाळा, पुढे शेतात काम. माझे वडील मतदानाच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसायचे. एरवी ते धोतर लग्नालाच निघायचं. आमच्या वस्तीतली माणसं त्या दिवशी गावच्या चावडीसमोर त्याच रांगेत उभी राहायची ज्या रांगेत पाटील उभा राहायचा, आणि पाटलाला मागे उभं राहावं लागलं तर मागे उभा राहायचा. वडिलांनी मला मतदानाबद्दल एक शब्द सांगितला नाही. ते धोतर मी वाळत घालायचे, तेवढं पुरेसं होतं.

लग्न होऊन मुलुंडला आले. औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. पहिल्या मतदानाला नवरा बरोबर आला तो थेट माझ्यामागून आतच यायला लागला. म्हणे हिला समजणार नाही. तिथल्या अधिकाऱ्यानं त्याला थांबवलं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, कुणाला दिलंस. मी सांगितलं नाही. घरी येऊन विचारलं, जेवताना विचारलं, झोपताना विचारलं. पुढे आयुष्यभर दर निवडणुकीला विचारायचा. गेला बिचारा, पण त्याला कळलं नाही.

मितूच्या शाळेत भोईर टीचर होत्या. तरुण, सडसडीत, पायात बूट घालून येणाऱ्या. पालिकेची मराठी शाळा, सातवीची एकच तुकडी, तीही दर वर्षी लहान होत चाललेली. मोठी निवडणूक जवळ आली होती तेव्हा टीचरांनी ठरवलं की मुलांना मतदान पुस्तकातून शिकवायचं नाही, करून दाखवायचं. वर्गाचा मुख्यमंत्री निवडायचा. उमेदवार, चिन्हं, प्रचार, यादी, शाई, सगळं खऱ्यासारखं. पालकसभेत त्यांनी विचारलं, इथे सगळ्यात जुने मतदार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं नाही, पण हात वर केला. असं मी मतदानाच्या आदल्या आठवड्यात सातवीच्या पोरांसमोर बोलायला उभी राहिले. एरवी माझ्या शब्दाला घरातला टीव्हीसुद्धा थांबत नाही.

"आजी, तुम्ही मत कुणाला देता?" पहिलाच प्रश्न. विचारणारा ओंकार, स्वतः उमेदवार.

"सांगणार नाही."

"आजोबांना सांगायच्या?"

"त्यांना तर मुळीच नाही."

"मग ते चिडायचे नाहीत?"

"चिडायचे. बोलायचे नाहीत माझ्याशी. घरात छान शांतता असायची."

पोरं खिदळली. टीचर तोंडावर हात धरून खिडकीकडे वळल्या. मग मी म्हटलं, "हसू नका, नीट ऐका. त्या पडद्याआड तू आणि तुझं डोकं. तिसरं कुणी नाही. बाप नाही, टीचर नाही, मैत्रीण नाही. आत गेलेलं माणूस आपणहून बाहेर येईपर्यंत कुणी डोकवायचं नाही. कुणी डोकवायला लागलं तर अडवायचं, मग तो कितीही मोठा असू दे."

पुढच्या बाकावर श्रावणी बसली होती. पापणी न लवता ऐकत होती. टीचरांनी तिला केंद्राध्यक्ष का केलं ते मला तेव्हाच कळलं. काही पोरांना सांगितलेलं एका कानातून जातं. हिच्यात गेलेलं बाहेर यायला वाटच नव्हती.

प्रचार आठवडाभर चालला. ओंकारचं चिन्ह पाण्याची बाटली. शाळेच्या नळाला दुपारनंतर पाणी येत नसे म्हणून त्याची घोषणा होती, "नळाला पाणी, ओंकारच आणी!" सिद्धीचं चिन्ह कंपास. ती मितूची जिवाभावाची मैत्रीण. ओंकारनं चिक्की वाटली, तर टीचरांनी आचारसंहिता म्हणून ती जप्त केली. संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत चिक्कीचे कागद दिसले, असं मितूनं घरी येऊन सांगितलं.

"आजी, ऐक ना," एका रात्री ती माझ्या अंथरुणात शिरली. "सिद्धी माझी मैत्रीण आहे. पण काम ओंकार करेल. सिद्धी नुसती बोलते."

"मग?"

"सिद्धी म्हणाली, मला नाही दिलंस तर बघ. मी काय करू?"

"मला विचारू नकोस."

"सांग ना गं."

"तिला कसं कळणार कुणाला दिलंस ते?"

"माझ्या तोंडावरून कळेल. तिला सगळं कळतं."

"मग तोंड सांभाळ. झोप आता."

बारा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न किती मोठा असतो ते मोठ्यांना कळत नाही. मोठी माणसं असा प्रश्न पडायच्या आत उत्तर देऊन मोकळी होतात. मैत्रीण, जात, गाववाला, साडी, संपलं. मितू तीन रात्री तळमळली. मला ते बघून बरं वाटत होतं. कुणीतरी तळमळायला हवं.

खोकं टीचरांनी वीजसामानाच्या दुकानातून आणलं होतं. त्यावर फ्रिजच्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत. श्रावणी म्हणाली, मतदान केंद्रात जाहिरात चालत नाही. तिचे बाबा रंगकाम करायचे. त्यांच्याकडचा उरलेला निळा ऑइलपेंट तिनं आणला आणि पोरांनी बाहेरून खोकं रंगवलं. तो चांगला वाळला. पण मतदानाच्या आदल्या संध्याकाळी कळलं की आतल्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं बाटली काढून ठेवलीय. ओंकार शपथा घ्यायला लागला की मी नाही. सिद्धीच्या बाजूची पोरं ओरडायला लागली की केंद्राच्या आत प्रचार. झालं, आतूनही रंग मारायचा ठरलं. थिनर घालून पातळ केलेला रंग. रात्रभर वर्ग बंद, खोक्याचं दार बंद, हवा दमट. सकाळी बोट लावलं तर बोटाला निळं लागत होतं.

हे मला सगळं नंतर कळलं. पण कळल्यावरही मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. पोरांनी काय केलं? मत देताना डोळ्यासमोर कुणाचं चिन्ह नको म्हणून रंग मारला. इतकं खरं मतदान मी मोठ्यांचंही पाहिलेलं नाही.

मितू त्या वासात उभी राहून विचार करत बसली. दुसरं कुणी दोन श्वासांत बटण दाबून बाहेर आलं असतं. हिला ठरवायचं होतं. आणि छाती भरायला लागल्यावरही ती दार ढकलून बाहेर का आली नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मत दिल्याशिवाय बाहेर यायचं नाही, असं तिनं मनाशी घेतलं असणार. आमच्या घरातली आहे ती.

मी तिला काखेत हात घालून खोक्याबाहेर ओढलं. खिडकीपाशी बसवलं, पुढे वाकवलं. "पंप! पंप कुठंय?" तिनं मान हलवली, बोट दाराकडे केलं. दप्तरात. आणि दप्तरं बाहेर व्हरांड्यात. खऱ्या केंद्रात पिशवी, मोबाइल काही आत नेऊ देत नाहीत, म्हणून इथेही सगळ्यांनी दप्तरं बाहेर ठेवली होती. मी बाहेर गेले आणि बघतच राहिले. भिंतीला लागून ढीग. पालिकेच्या शाळेत सगळ्यांना दप्तर सारखंच मिळतं. तोच निळा रंग, तीच शिलाई, तोच पट्टा. मी एक उघडलं, दुसरं उघडलं. वह्या, डबे, कुणाच्या दप्तरात दगड. भोईर टीचर मुख्याध्यापकांना मतदान बघायला बोलवायला खाली गेल्या होत्या. मागे वर्गात सिद्धी मोठ्यानं रडत होती.

तेव्हा श्रावणी दारात आली. तिचा तो खणखणीत आवाज मला अजून ऐकू येतो.

"सगळ्यांनी आपापलं दप्तर उचला! एकही ठेवायचं नाही! मितूचं सोडून!"

वर्ग बाहेर लोटला. कुणी चेनला बांधलेला लाल दोरा बघून, कुणी तुटलेल्या पट्ट्यावरून, कुणी नुसतं वजनावरून, प्रत्येकानं आपलं दप्तर ओळखलं आणि उचललं. ढीग विरघळावा तसा गेला. व्हरांड्याच्या फरशीवर एकच दप्तर राहिलं. श्रावणीनं ते उचलून माझ्या हातात दिलं. बाहेरच्या कप्प्यात पंप होता.

मी पंप मितूच्या तोंडात दिला, दाबला, परत दाबला. तिला तो आत ओढायलाच जमत नव्हतं. औषध ओठांपाशी धूर होऊन बाहेर येत होतं. टीचर जिना चढून आल्या, एक नजर टाकली, आणि काही न विचारता मितूला उचलून खांद्यावर घेतलं. बूट घालतात ते बरं करतात, असं मला तेव्हा वाटलं. मी चपला कधीच सोडल्या होत्या. गेटसमोर रिक्षा होती. रिक्षावाल्यानं भाडं नाही म्हणायला तोंड उघडलं, मितूकडे बघितलं आणि मिटलं.

सातविणींच्या खालून रिक्षा गेली तेव्हा मी पदरानं तिचं नाक झाकलं. मग कळलं की हवाच पाहिजे आहे तिला, आणि पदर काढला. कुठलीच हवा बरोबर नव्हती.

आता मी मतदानाला जाते तेव्हा तिथेही पुठ्ठ्याचाच आडोसा असतो. चांगला असतो, डोकं वरून दिसतं. तरी मी आत गेले की मुद्दाम मोठ्यानं खोकते. मागच्या वेळी टेबलावरचा मुलगा दचकला.

"आजी, बरं आहे ना?"

"बरं आहे. मत देतेय. तू तिकडे बघ."

रांगेतल्या बायका हसल्या. हसू देत.

त्या दिवाळीनंतर शाळेत पालकसभा झाली. काही आईबाप तावातावानं आले होते. एक जण उभा राहिला. "हे नाटक बंद करा. पोरं शाळेत शिकायला येतात, जीव घालवायला नाही. मतदान काय ते अठराव्या वर्षी बघतील." टाळ्या पडल्या. भोईर टीचर मान खाली घालून उभ्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, पुढल्या वर्षी हा उपक्रम घेणार नाही, आपण शांत व्हा.

मी उठले. म्हटलं, "त्या खोक्यात पोर कुणाची होती? माझी. तुमची नव्हती. मग मी बोलते. खोकं उंच होतं, ते कापा. ऑइलपेंट वर्गात आणू नका. दप्तरात औषध असलेल्या पोरानं ते खिशात ठेवायचं. आणि केंद्राध्यक्षानं बाहेरून विचारायचं, ठीक आहे का, उत्तर नाही आलं तर आत जायचं. पण मतदान बंद करायचं नाही. अठराव्या वर्षी बघतील म्हणता? तुम्ही अठराव्या वर्षी काय बघितलंत? दादानं सांगितलं तिथं बटण दाबलंत. ह्या पोरांनी पेन्सिलीची एक बाटली पुसायला अख्खं खोकं रंगवलं."

"आजी, तुम्हालाच कसं वाटत नाही काही?" तो माणूस म्हणाला.

"वाटतं. म्हणून उभी आहे. पाय दुखतात माझे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मध्ये शाळा बंद होत्या तो काळ सोडला, तर त्या शाळेत मतदान दर वर्षी होतं. खोकं आता छातीइतकं असतं. कोण मुख्यमंत्री होतं ते मला विचारू नका. नळाला अजून दुपारी पाणी येत नाही, एवढं सांगते.

मुलांना मतदान शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं, याचा मी बराच विचार केलाय. माझ्यासारखीनं विचार करायचा तो काम करता करता, मेथी निवडताना, नळ यायची वाट बघताना. बटण दाबायला काय शिकवायचं? ते कोंबडीलाही जमेल. आत एकटं उभं राहायला शिकवायचं असतं. आणि बाहेर थांबलेल्यांना, आतल्याला एकटं राहू द्यायला. ही दोन्ही अवघड कामं त्या वर्गानं केली. तिसरं राहिलं होतं, आतल्याचा श्वास ऐकू येईल एवढं जवळ थांबायचं. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण मलाही तोवर माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आता सांगते. मला दर वर्षी बोलावतात. गुलाब देऊ नका म्हणून आधीच सांगून ठेवते.

हॉस्पिटलमध्ये मितूला आत घेतलं आणि दार लावलं. तोंडावर मास्क, वाफेचं मशीन, हाताला सुई, एवढं दार लागायच्या आधी दिसलं. ऑक्सिजन कमी आहे, उशीर झालाय, असं एक नर्स दुसरीला म्हणाली. मुलगा आणि सून कामावरून यायला निघाले होते. टीचर बाकावर माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांच्या खांद्यावर निळा रंग लागला होता, मितूच्या कपड्यांवरचा. ती बाई रडली नाही, त्याबद्दल मी तिला मानते.

संध्याकाळी श्रावणी आली, तिच्या बाबांबरोबर. ते दूर भिंतीशीच उभे राहिले, हातातली टोपी चुरगाळत. श्रावणीच्या गळ्यात अजून ती केंद्राध्यक्षाची पाटी होती. काढायचं सुचलंच नव्हतं कुणाला.

"आजी, माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे दप्तर सापडलं."

"पण आधी मी तुम्हाला अडवलं."

"अडवलंस. बरोबर अडवलंस. मी अडले नाही, तेही बरोबर. बस इथे."

ती बसली. गळ्यातली पाटी चाचपत म्हणाली, "टीचर म्हणाल्या, मतदान रद्द. मी मुलांना सांगितलं, रद्द नाही, थांबवलंय. मितूचं राहिलंय ना."

टीचरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"खोलीला कुलूप लावलंय," श्रावणी म्हणाली. "मतं कुणी मोजलेली नाहीत. ती येईपर्यंत मोजायची नाहीत." मग माझ्याकडे न बघता, दाराकडे बघत तिनं विचारलं, "येईल ना आजी?"

मी खोटं बोलत नाही. पोरांशी तर नाहीच. "माहीत नाही गं," मी म्हटलं. तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांना शाईचा वास होता. दिवसभर ती सगळ्यांच्या बोटांना शाई लावत होती, स्वतःचं मत शेवटी देणार होती, ते राहूनच गेलं होतं.

दिवे लागले. मुलगा आणि सून आले, सून दाराला कपाळ टेकून उभी राहिली. आतून मशीनचा आवाज येत होता, मध्येच थांबायचा, परत सुरू व्हायचा. थांबला की आम्ही सगळे मान वर करायचो. शेवटी दार उघडलं. डॉक्टर बाहेर आल्या, अगदी पोरसवदा, केस विस्कटलेले, डोळे लाल. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आजी कोण?"

मी उठले.

मितू वाचली. यंदा ती अठरा वर्षांची झाली.